डाव्या खांद्याची रेघ

पाटबंधारे खात्यात मी ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे साहेब लोक चहा पिता पिता मिळेल त्या कागदावर जे खरडत, ते मी ट्रेसिंग क्लॉथवर शाईने नीट मांडायचो. कालवा, त्याचे काठ, दारं, मोऱ्या, पूल. आमच्या कामात एक गोष्ट पक्की होती. पाण्याला दोन्ही बाजूंनी रेघ पाहिजे. रेघ नसली की पाणी कुणाच्या तरी शेतात शिरतं, मग तो माणूस कचेरीत येतो आणि साहेब आमच्यावर खेकसतात. नोकरीभर मी रेघा मारल्या. निरोप समारंभात साहेब म्हणाले, यांच्या हातून एकही रेघ कधी हलली नाही. ते वाक्य मी पुढे बरीच वर्षं पाहुण्यांना ऐकवत होतो.

अशा माणसाने जलरंगांच्या वाटेला जाऊ नये. पण निवृत्तीनंतर फिरणं, पेपर आणि सोसायटीच्या ग्रुपवर टँकर कधी येणार याची विचारपूस, एवढं उरकलं तरी साडेदहाच वाजतात. त्यात हैदराबादेत कुकटपल्लीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये एक पत्रक लागलं. दर रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये ‘जलरंग: मनाची भाषा’ असा क्लास सुरू होणार होता. मनाच्या भाषेचं मला काही ठाऊक नव्हतं, पण ब्रश कसा धरतात ते ठाऊक होतं. मी फॉर्म भरला. त्यात ‘जोडीने येणार का?’ असा एक रकाना होता. रिकामा रकाना माझ्याच्याने बघवत नाही. मी ‘होय’ लिहिलं आणि अशा रीतीने बायकोचंही नाव लागलं. तिला मी ते संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, “मला नाही येत ते सगळं. मी आपली बसते बाजूला, तुमच्या पाण्याच्या वाट्या भरून देते.”

क्लासची संयोजिका पुण्याची होती, एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर. आमच्या अपार्टमेंटमधले बरेचसे मराठी लोक असेच, पुण्यामुंबईहून कंपनीच्या कामासाठी आलेले. आम्ही दोघं मात्र इथलेच. आजोबा जुन्या हैदराबाद संस्थानातले शेतकरी, वडील नोकरीसाठी शहरात आले आणि मी मलकपेठेत लहानाचा मोठा झालो. संयोजिकेला याचं फार कौतुक. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “काका, इतक्या पिढ्या इथे राहून तुम्ही मराठी किती छान बोलता! आणि त्याला तो एक वेगळा फ्लेवर आहे ना!” तिची स्वतःची मुलगी शेजारी उभी राहून पत्रकातलं मराठी अक्षर अक्षर लावत होती. फ्लेवर तिलाही होता.

शिकवायला एक वयस्कर गृहस्थ यायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. अफझलगंजच्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम बुडालं. त्या कामातून वेळ मिळेल तेव्हा ते कागदावर जलरंगाची चित्रं काढत आले होते, तेवढं टिकलं. बोलायचे फार थोडं. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला कागद पूर्ण ओला करायला लावला, त्यावर निळ्या रंगाचे दोन थेंब सोडायला सांगितले आणि म्हणाले, “अब हाथ गोद में रखके बैठो. पानी कू उसका काम करने देव.”

सगळे हात मांडीवर ठेवून बसले. निळा रंग आपल्या मर्जीने पसरत चालला. मला ते बघवेना. सरकारी पाणी असं सोडून द्यायचं म्हणजे निलंबनच. मी खिशातली पट्टी काढली, पेन्सिलने एक चौकोन आखला आणि निळा त्याच्या बाहेर जाऊ नये म्हणून कापसाने टिपायला लागलो. उस्ताद मागे येऊन उभे राहिले. “साब, ये पानी कहीं भागके नहीं जारा,” एवढंच म्हणाले आणि पुढे गेले.

त्यानंतर दर रविवारी एक विषय. सगळ्यांना चारमिनार काढायचा होता. पुण्यामुंबईच्या मंडळींना तर तो काढून गावाकडे फ्रेम पाठवायची घाई होती. उस्तादांनी साफ नाही म्हटलं. आधी भाजी, मग चहाचा ग्लास, मग तलाव, मग दगड. दगडांसाठी आम्हाला कॉम्प्लेक्सच्या मागे नेलं. दोन बांधकामांच्या मधे पत्र्याचं कुंपण घालून ठेवलेले चारपाच मोठे खडक अजून शिल्लक होते. एकावर एक कसे उभे राहिलेत ते त्यांनाच माहीत, पण इथे वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. मी प्रत्येक खडकाची कड नीट काढली, सावलीच्या बाजूला तिरप्या रेघा दिल्या आणि सवयीने बाजूला अंदाजे उंची लिहिली. उस्तादांनी चष्मा वर करून बघितलं. “ये पत्थर है, या पत्थर का आधार कार्ड?”

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते झोंबलं.

संयोजिकेने मधेच एक नियम काढला. चित्र दाखवण्याआधी प्रत्येकाने आपल्या मनाची अवस्था सांगायची, कारण जलरंग हे मुळात एक्स्प्रेशन आहे. मग काय विचारता. एक तरुण गृहस्थ काहीही काढायला दिलं तरी जांभळंच काढायचे. जांभळा तलाव, जांभळा चहा. ते म्हणायचे की हा माझा बर्नआउटचा काळ आहे. सगळे मान हलवायचे. एक बाई म्हणाल्या, माझ्या टोमॅटोत मला माझं बालपण दिसतं. मला त्यात टोमॅटोही दिसत नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “अवस्था ठीक आहे. नाश्ता झाला.” संयोजिका म्हणाली, “काका, तुम्ही स्वतःला अजून ओपन करत नाही आहात.”

याच सुमारास उस्तादांचं लक्ष बायकोकडे गेलं. ती कोपऱ्यात खुर्चीवर बसून वाट्यांतलं घाण पाणी बदलून देत होती. उस्तादांनी तिच्यापुढे एक कागद आणि एक ब्रश ठेवला. “बहनजी, पानी तो सबका आपीच बदल रे. थोडा अपने वास्ते भी ले लेव.” ती संकोचली. माझ्याकडे बघितलं. मी उदार मनाने मान हलवली.

तिने वांगं काढलं. म्हणजे आधी नुसतं पाणी फिरवलं, आम्हाला काही दिसेना. मग एका जागी गडद रंग सोडला आणि ब्रश उचलून बसून राहिली. रंग पसरत गेला, पसरत गेला, आणि जिथे तिने कागद कोरडा ठेवला होता तिथे बरोबर थांबला. तिथे एक पांढरी लकाकी राहिली. ते वांगं आत्ताच नळाखाली धुतलेलं दिसत होतं. हात लावला तर बोट ओलं होईल असं. तिला अवस्था विचारली तेव्हा ती गोंधळून म्हणाली, “वांगी चांगली मिळाली होती ह्या खेपेला.”

उस्ताद त्या कागदाकडे बघत राहिले. मी घरी येताना तिला सांगितलं की देठ जरा अर्धवट राहिलाय आणि खालची कड दिसतच नाही. ती म्हणाली, “हौ का? मला वाटलं दिसतंय.”

आता खरं सांगायचं तर मला ते वांगं आवडलं नव्हतं असं नाही. मला राग आला होता. नोकरीभर हातात पेन मी धरलं, आणि पाणी हिचं ऐकतं! पण हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही. मी तिला पट्टी कशी वापरायची ते दाखवायला लागलो. ती ऐकून घ्यायची आणि मी उठलो की पट्टी खणात ठेवून द्यायची. कणकेत पाणी किती घालायचं ते तिने कधी मोजलेलं मी बघितलं नाही, आणि ब्रश धरतानाही तिचा तोच हात होता. तिने चहाचा ग्लास काढला, त्यात वाफ होती. तलाव काढला, त्यात नुसतं आभाळ होतं आणि तरी तो तलावच होता. खडक काढले ते असे की दुपारचं ऊन अंगाला लागावं. इतकी वर्षं घरात बघितलेली बाई एवढ्या गोष्टी बघत होती याचा मला पत्ता नव्हता.

मग शहरातल्या मराठी मंडळाच्या वर्धापन दिनाला आमच्या क्लासचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येकाचं एक चित्र, खाली नावाचं कार्ड. संयोजिकेने फॉर्म पाठवला. मी दोघांचे फॉर्म भरायला बसलो. बायकोच्या फॉर्मवर मी नेहमीप्रमाणे तिचं पूर्ण नाव लिहिलं: तिचं, मधे माझं, मग आडनाव. तिने तो कागद माझ्या हातून घेतला, पेन घेतलं आणि माझं नाव खोडलं. मग थोडं थांबून आडनावही खोडलं. राहिली ती तिच्या नावाची दोन अक्षरं.

मी म्हणालो, “अगं, असं अर्धवट नाव कोण लावतं?”

ती एरवी फार बोलत नाही. त्या दिवशी बोलली. “बघा, शाळेच्या वहीवर बापाचं नाव होतं माझ्या नावापुढं. लग्नात तांदळात लिहिलं तेव्हा तुमचं आलं. रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक, बँक, दवाखान्याची फाईल, सगळीकडं मधी तुमी आहात. माझी काही तक्रार नाही बघा त्याच्याबद्दल. पण माझं एकटीचं नाव कुठं लिहिलेलं मी आजपर्यंत बघितलंच नाही. एका चित्राच्या खाली तेवढं असू द्या. लोकांनी एकदा वाचलं की झालं.”

“एवढंच ना,” मी म्हणालो. मला ते खरोखरच एवढंच वाटलं होतं.

चित्रासाठी तिने तीन आठवडे घेतले. काय काढतेयस विचारलं की सांगायची नाही. दुपारी जेवणानंतर मी बाल्कनीजवळच्या वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसतो आणि पहिल्या पानाच्या आतच झोपतो. ती त्या वेळात काढत होती. एका रविवारी तिने ते क्लासला आणलं आणि टेबलावर ठेवलं. मी खुर्चीत झोपलेला होतो.

चित्र कसं होतं ते मला आता नीट सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. बाल्कनीतून येणाऱ्या उजेडाच्या जागी रंग न लावता कोरा कागदच ठेवलेला. पेपर मांडीवर घसरलेला, त्यावर बातमीची एक ओळही नाही. चेहऱ्यावर दोनच छटा, मिशीची उजवी बाजू आहे आणि डावी उजेडात विरून गेलेली. डावा खांदा तर नव्हताच. तिथे माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं. खाली कोपऱ्यात पेन्सिलने बारीक दोन अक्षरं.

उस्ताद बराच वेळ वाकून उभे होते. मग तिला म्हणाले, “बहनजी, अब इसकू हाथ नक्को लगाव. किसीकू लगाने भी नक्को देव.” संयोजिकेने अवस्था विचारली. बायको म्हणाली, “हे दुपारचे असे दिसतात.” सगळे “ऑऽऽ” म्हणाले. जांभळ्या गृहस्थांनी तर टाळ्या वाजवल्या. मी माझा डावा खांदा शोधत होतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिच्या बहिणीकडे मलकपेठेला हळदीकुंकू होतं. सकाळीच ती गेली. जाताना म्हणाली, “आमटी झाकून ठेवलीय. चित्र तिथं टेबलावर आहे, त्याच्यावर पाणी सांडू देऊ नका.” पाणी मी आयुष्यात कधी सांडलेलं नाही.

अकराच्या सुमाराला मी त्या चित्रासमोर जाऊन बसलो. उद्या सगळं मंडळ हे बघणार. मंडळात माझे जुने ओळखीचे लोक, खात्यातले दोघंतिघं, तेही येणार. ते म्हणतील, ड्राफ्ट्समनच्या घरातून हा असा नकाशा बाहेर पडला? अर्धी मिशी? खांदा नाही? हिला लोक हसतील, आणि हसतील ते मला बघवणार नाही. माझा हेतू चांगला होता. माझा हेतू नेहमीच चांगला असतो, ही माझी जुनी खोड आहे.

मी खणातून बारीक निबचं पेन आणि काळी शाई काढली. आधी फक्त खांदा पुरा करायचं ठरवलं. खांदा झाला. मग तो खांदा बाकीच्या अंगाशी जुळेना, म्हणून उजवाही घेतला. मग बाही, कॉलर, चष्मा. मिशीची डावी बाजू उजवीच्या मापाने बसवली. कानाची आतली वळणं घेतली, ती मला नेहमी चांगली जमतात. खुर्चीच्या वेताची वीण एकेक करून काढली, त्याला पाऊण तास गेला. पेपरवर बातम्यांच्या जागी बारीक आडव्या ओळी मारल्या. हात एकदाही थरथरला नाही. आमटी मी गार झाल्यावर खाल्ली, तीही उभ्या उभ्या.

शेवटी चारी बाजूंनी दुहेरी बॉर्डर आखली आणि उजव्या कोपऱ्यात माहितीचा चौकोन, म्हणजे टायटल ब्लॉक, केला. कुठलाही कागद टायटल ब्लॉकशिवाय टेबलावरून उठवायचा नाही, हा आमचा नियम. विषय: दुपारची विश्रांती. माप: प्रमाणात नाही. आणि ‘चित्रकार’ या रकान्यात, पेन्सिलची ती दोन अक्षरं खोडरबराने हलकेच पुसून, सुवाच्य शाईने तिचं नाव. पूर्ण. हात आपोआप चालला. फॉर्मवर तिने खोडलं होतं ते मला आठवलंच नाही, असं मी पुढे तिला सांगितलं. पण लिहिताना क्षणभर पेन थांबलं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

चार वाजता ती आली. केसांत गजरा, हातात ओटीची पिशवी. मी टेबलापासून बाजूला झालो. तिने बघितलं. पिशवी खाली ठेवली. जवळ जाऊन पुन्हा बघितलं. बोटाला थुंकी लावून खांद्याची रेघ एका जागी घासली.

“निघतंय का हे?” तिने विचारलं.

“छे! वॉटरप्रूफ आहे,” मी म्हणालो. मोठ्या अभिमानाने म्हणालो.

ती आत गेली. थोड्या वेळाने भेंडी चिरल्याचा आवाज आला. मी समजलो की पसंत पडलं.

सकाळी ती म्हणाली, “राहू द्या, नका नेऊ ते.” मला तो विनय वाटला. नाव दिलेलं काम वेळेत पोचवायचं असतं. मी चित्र दोन पुठ्ठ्यांत बांधलं आणि स्वतः हॉलवर नेऊन दिलं. संयोजिका त्या दिवशी धावपळीत होती. तिने फॉर्म काही शोधला नाही. समोर टायटल ब्लॉक होता, सुवाच्य होता, त्यावरूनच तिने कार्ड छापलं. बायकोचं नाव, मधे मी, आडनाव.

लोक बघायला लागले. माझ्या खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने मला कोपराने ढोसलं. “वीण मोजली मी खुर्चीची. एक चुकली नाही. हात तुझाच ना?” मी हसलो. त्या हसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो त्याने घेतला.

प्रमुख पाहुणे कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले मोठे अधिकारी होते. त्यांना चित्रकलेतलं किती कळत होतं ते मला माहीत नाही, पण ते माझ्यासारखेच सरकारी कागदांवर पोसलेले होते. प्रत्येक चित्रापुढे अर्धा मिनिट, आमच्यापुढे चांगली दोन मिनिटं. भाषणात म्हणाले, “आजकाल कलेच्या नावाखाली नुसते डाग टाकतात. पण एका भगिनीचं रेषेवरचं प्रभुत्व बघून मी थक्क झालो.” सर्वोत्कृष्ट चित्र म्हणून तिचं नाव पुकारलं. पूर्ण नाव.

ती स्टेजवर गेली. शाल अंगावर, नारळ हातात. संयोजिकेने माईक पुढे केला. “काकू, दोन शब्द!” ती माईककडे बघत राहिली. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “चित्र मी काढलं होतं. ह्या सगळ्या रेघा यांनी मारल्या. खालचं नाव पण यांनीच लिहिलं.”

काय टाळ्या पडल्या! लोकांना वाटलं, काय नम्र बाई आहे, श्रेय नवऱ्याला देते. प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले. संयोजिकेने माईक परत घेतला. “म्हणजे ही दोघांची निर्मिती आहे! काका, या ना वर! आपण दांपत्याचाच सत्कार करू या!” दुसरी शाल ऐनवेळी नव्हती, तेव्हा तिच्याच शालीचं अर्धं टोक माझ्या खांद्यावर टाकलं. नारळ आम्ही दोघांनी मिळून धरला. फोटो काढला.

माईक माझ्यापुढेही आला होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणू शकलो असतो की लोकहो, हे चित्र काल सकाळपर्यंत फार चांगलं होतं, मी ते नासवलं. मी म्हणालो, “आभारी आहे. हिच्या प्रत्येक कामात मी पाठीशी उभा असतो.” आणखी टाळ्या झाल्या. ती सरळ समोर बघत होती. तिचा हात नारळावर माझ्या हाताला लागून होता आणि तो गार होता.

उस्ताद मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. गर्दी पांगल्यावर ते माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाले, “साब, उस तस्वीर में आप बहोत अच्छे आदमी थे.”

तेवढ्यावर मला कळलं. मी पुन्हा जाऊन चित्रापुढे उभा राहिलो. शाईच्या रेघांच्या आत एक ताठ, चौकोनी, मिशी दोन्हीकडे सारखी कातरलेला माणूस डोळे मिटून बसला होता, पासपोर्टच्या फोटोसाठी बसवल्यासारखा. तो मीच होतो, मापात बरोबर होतो. पण ती रोज दुपारी ज्याच्याकडे बघत होती तो कुणीतरी दुसरा होता. उजेडात विरघळणारा, निवांत, कुणावर न खेकसणारा. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावरही तिला मी तसा दिसत होतो, तिने ते कागदावर धरलं होतं, आणि मी ते स्वतःच्या हाताने खोडून काढलं होतं. मला लाज वाटली. हॉलमधल्या सतरंजीत तोंड घालावं अशी लाज वाटली.

घरी आल्यावर मी माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे तीही मी टिप्पणी लिहिल्यासारखी मागितली, कारणं, परिस्थिती आणि निष्कर्ष. तिने ऐकून घेतलं. “तुमचं मन वाईट नव्हतं,” ती म्हणाली. “मला माहीत आहे. पण ते गेलं.” मग तिने शालीची घडी करून कपाटात ठेवली आणि नारळ फोडून चटणी केली.

क्लास मी सोडला. ती जाते. आता वाट्यांतलं पाणी बदलायला तिला कुणी सांगत नाही. घरभर तिचे कागद आहेत. दोडकी, कुकरची शिटी, समोरच्या टॉवरवरच्या वाळणाऱ्या साड्या, आमच्या मजल्यावरच्या तेलुगू आजी पायरीवर बसून फुलं ओवताना, तिची बहीण, भाजीवाली, आणि पेपरवालासुद्धा, जो दारात दोन मिनिटं थांबतो. प्रत्येकाखाली आता ब्रशनेच, चांगली ठसठशीत, दोन अक्षरं. मंडळाच्या हॉलमध्ये आता तिचं दुसरं एक चित्र कायमचं लागलंय, खाली कार्डावर तेवढंच नाव. ते वाचून एका बाईने मला विचारलं, “या कोण हो?” मला बरं वाटलं.

एवढ्या कागदांत मी कुठेच नाही. सुरुवातीला वाटलं, राग आहे, जाईल. दुपारी मी खुर्चीत डोळे मिटून पडायचो, खरी झोप नाही, नुसता पडून. एकदा तिने तिकडून सांगितलं, “झोपलेला माणूस पोट आत ओढून धरत नाही. नीट बसा.” म्हणजे राग नव्हता.

शेवटी गेल्या महिन्यात मी विचारलंच. “मला पुन्हा काढशील का? मी हात लावणार नाही. पेन नातेवाइकांच्या पोराला देऊन टाकलंय.”

तिने लगेच कागद घेतला. मनापासून घेतला, ते मला दिसलं. मी खुर्चीत बसलो. तिने कागद ओला केला, रंग कालवला आणि माझ्याकडे बघायला लागली. खूप वेळ बघितलं. ब्रश दोनदा कागदापर्यंत नेला आणि परत आणला. कागद वाळला. तिने तो पुन्हा ओला केला, तोही वाळला.

“नाही जमायलं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, वाईटच वाटत होतं तिला. “आधी तुमच्याकडं बघितलं की उजेड दिसायचा. आता तुमी मारलेल्या त्या रेघाच दिसायल्या. काय करू?”

मग तिची नजर माझ्यावरून मागे बाल्कनीच्या भिंतीवर गेली. तिथे उन्हाची तिरीप आली होती. तिने ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

“जरा बाजूला होता का?” ती म्हणाली. “उजेड अडायलाय.”

मी खुर्ची उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.